सांगितलं तेवढंच

फेब्रुवारी संपत आला की आमच्या बिबवेवाडीत ऊन आणि सल्ले दोन्ही एकदम चढतात. सकाळी स्वेटर घालून फिरायला निघालेली माणसं परतताना तो कमरेला बांधून येतात. वाटेत दहावी-बारावीचं मूल असलेलं कोणी भेटलं, की मुलाला बदाम किती द्यावेत आणि मोबाइल किती वेळ द्यावा, हे न विचारता सांगून जातात. घराघरांतला टीव्हीचा आवाज कमी होतो, आयांचा वाढतो. स्टेशनरीच्या दुकानाबाहेर पारदर्शक पाऊच लटकू लागतात. कोपऱ्यावरच्या शिरीषाच्या वाळक्या शेंगा दिवसभर खुळखुळत राहतात, आणि त्या झाडाखाली एखादी मुलगी पुस्तक छातीशी धरून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत उभी असते.

माझ्या घरी परीक्षेला बसणारं कोणी नाही. मुलगा बंगळुरूला असतो. त्याच्या परीक्षा आता त्याची बायको घेते. तरीही त्या शेंगा वाजू लागल्या की माझं हातातलं काम अर्धवट राहतं. हे मला पूर्वी होत नसे. मुलाच्या दहावीलाही झालं नव्हतं. वैष्णवीच्या दहावीपासून सुरू झालं.

वैष्णवी माझी नात्यागोत्याची कोणी नाही. मार्केट यार्डाच्या मागच्या वस्तीत राहणारी, जन्मापासून दृष्टी नसलेली एक मुलगी. तिला पाठ्यपुस्तकं वाचून दाखवायला मी जात होते. आमचं नातं तेवढंच, आणि ते तेवढंच ठेवायचं हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. निवृत्तीनंतर माणसं समाजसेवेला लागली की त्यांच्या चेहऱ्यावर तूप चोपडल्यासारखा जो भाव येतो, तो मला सोसत नाही. मी गेले ते फिरायला येणाऱ्या एका मैत्रिणीने पिच्छा पुरवला म्हणून. तुझा आवाज चांगला आहे, असं ती म्हणायची. खरं तर माझा आवाज नुसता मोठा आहे.

ते वैष्णवीच्याही पहिल्याच दिवशी लक्षात आलं. मारुतीच्या देवळावर एक लांबट हॉल आहे, तिथे वस्तीतली मुलं संध्याकाळी अभ्यासाला बसतात. मी इतिहासाचं पुस्तक उघडून घसा साफ केला आणि पहिला परिच्छेद वाचला. ती मान खाली घालून ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली, "काकू, मला दिसत नाही. ऐकू येतं."

मुलगी मला त्याच क्षणी आवडली. अर्थात तसं मी दाखवलं नाही.

माघाच्या अखेरीला त्या भागात एक मिसळलेला वास असतो. नव्या कांद्याचा ओलसर उग्र वास, गुळाच्या ढेपांचा, आणि फुलबाजाराकडून येणारा शिळ्या झेंडूचा. हरभऱ्याच्या हिरव्या पेंढ्या टेम्पोतून खाली पडत, रस्त्यावर तुडवल्या जात, आणि त्यांचा आंबूस वास चपलांबरोबर हॉलपर्यंत येई. मार्च सरता सरता आंब्याच्या पेट्यांतलं गवत उडू लागे. मी जन्मभर पुण्यात राहिलेली, मार्केट यार्डात वर्षाचे गहू घ्यायलाही जात आलेली. पण वास घ्यायला म्हणून तिथे मी कधी थांबले नव्हते. वैष्णवी थांबायची. हॉलच्या जिन्यावर बसून ती नाक वर करायची आणि जाहीर करायची, "आज रात्री पाऊस पडणार." पडायचा नाही. न दिसणाऱ्या माणसांना सहावं इंद्रिय असतं वगैरे जे बोललं जातं, त्यात काही तथ्य नाही. तिचे अंदाज माझ्याइतकेच चुकायचे. फक्त ते ती जास्त ठसक्यात सांगायची.

दहावीच्या परीक्षेत तिला लेखनिक घ्यावा लागणार होता. म्हणजे तिने तोंडाने उत्तर सांगायचं आणि शेजारी बसलेल्या मुलाने ते लिहायचं. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, जास्त शिकलेला चालत नाही, हा त्यातला नियम. मी आमच्याच इमारतीतली तन्वी शोधली. वरच्या मजल्यावर राहणारी, नववीतली, मोत्यासारखं अक्षर असलेली. पुण्यात काही घरांत मूल चालायला लागायच्या आधी निबंध स्पर्धेत उतरतं, त्यातलं ते घर. तिच्या दिवाणखान्यात बक्षिसांचं कपाट होतं आणि पाहुण्यांना बसायला जागा नव्हती.

तन्वीला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. आता इथे माझी नोकरी सांगायला हवी. मी कोर्टात लघुलेखक होते. कोर्टात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून आपल्या बोलीत घडाघडा सांगतो. न्यायाधीश ते ऐकतात, क्षणभर थांबतात आणि लघुलेखकाला नीटनेटक्या भाषेत सांगतात. माणूस म्हणतो, "बुकलून बुकलून हाणलं हो सायेब, आई आठवली मला." कागदावर उतरतं, "आरोपीने मला हाताने मारहाण केली." आईची आठवण कागदावर येत नाही, तिचा निकालाला उपयोग नसतो. मग माणूस सही करतो किंवा अंगठा उठवतो, आणि ते त्याचं म्हणणं ठरतं. यात मला कधी काही वावगं दिसलं नाही. अजूनही फारसं दिसत नाही. न्यायाधीशांपुढे गठ्ठे पडलेले असतात, आणि आई प्रत्येकालाच आठवते.

तेव्हा तन्वीला मी जे सांगितलं ते माझ्या धंद्याला धरूनच होतं. वैष्णवी घाईघाईत अर्धंमुर्धं बोलते, ते तू वाक्यात बसव. फाफटपसारा असेल तो काढ. वर्णन कमी पडलं तर एखादा शब्द घाल. तन्वीने मान डोलावली. तिच्यासारख्या मुलीला "एखादा शब्द घाल" असं सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं असं कोणी म्हणेल. म्हणो.

पूर्वपरीक्षेत मराठीला प्रसंगलेखन आलं, 'उन्हाळ्यातील एक दुपार'. पेपर झाला, तपासला गेला. आणि एका संध्याकाळी वैष्णवी हॉलमध्ये आली ती नेहमीसारखी दप्तर आपटून बसली नाही. काठी घडी करून मांडीवर ठेवली. तन्वी समोरच होती.

"काकू," वैष्णवीने विचारलं, "गुलमोहर लाल असतो?"

"असतो."

"मला माहीत नव्हतं. माझ्या निबंधात आहे म्हणे."

तन्वीने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं.

"बाईंनी वर्गात वाचून दाखवला. निळंभोर आकाश, सोनेरी ऊन, गुलमोहराची लालभडक छत्री. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचाय. मग बाई म्हणाल्या, वैष्णवी, उभी राहा."

"अगं पण मार्क बघ ना!" तन्वी म्हणाली. "बेस्ट म्हणाल्या ना त्या? मी जस्ट थोडं डेकोरेट केलं."

"मी काय सांगितलं होतं?" वैष्णवीने विचारलं.

मग तिनेच सांगितलं, एकेक शब्द वेगळा करत. "दुपारी आमच्या गल्लीत हमाल पोत्यांवर झोपतात. गाड्या थांबतात. तेव्हा पंख्याचा वारा भिंतीला लागून परत आलेला मला कळतो, आणि आमचं घर केवढं आहे ते समजतं. हे कुठंय त्यात?"

"ते ना, थोडं ऑड वाटत होतं," तन्वी म्हणाली. "वारा भिंतीला लागून परत येतो, असं कोण लिहितं?"

"मी."

मी मध्ये पडले. एवढं मनाला लावून घेऊ नये, बोर्डात मार्क महत्त्वाचे, भावना नंतर बघता येतील, असं काहीतरी म्हणाले. वैष्णवीने तोंड माझ्या दिशेला वळवलं. "मग पेपर तन्वीलाच द्या की काकू. मी घरी बसते."

आणि ती खरंच घरी बसली. मला वाटलं होतं एक-दोन दिवसांत राग उतरेल. मुलींचे राग मी पाहिलेले आहेत. पण हा उतरेना. तन्वी लेखनिक असेल तर मी परीक्षेला बसणार नाही, एवढं एकच वाक्य तिने धरून ठेवलं. शाळेने तन्वीच्या नावाची परवानगी कधीच आणून ठेवलेली होती. आता नाव बदलायचं तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा फेऱ्या. त्यात नववीच्या मुलांच्या परीक्षाही तोंडावर आलेल्या, कुठले आईबाप आपलं मूल देणार? मुख्याध्यापक म्हणाले, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी बघू हे वाक्य कोर्टात मी इतक्यांदा ऐकलंय, की त्याचा अर्थ मला कोणी सांगायला नको.

तिची आई माझ्याकडे आली. यार्डात लसूण निवडायला जाते ती. मूळची लातूरकडची. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. "मॅडम, पोरगी जेवना झालीय. तिचे पप्पा म्हणायलेत, बसायचं नसंल परीक्षेला तर नको बसू, राहा घरीच. पण एकदा का घरी बसली, तर तिला उठवणार कोण हो? तुम्ही तरी सांगा काही."

तिच्या बोटांना लसणाचा वास येत होता. मी चहा केला. तो तिने उभ्यानेच घेतला. मला वाईट वाटलं. ते वाटणं सोयीचं नव्हतं, म्हणून मी तिला सांगितलं की होईल सगळं नीट, आणि दार लावून घेतलं.

नीट मी काहीच केलं नाही. तन्वी स्वतःच वैष्णवीच्या घरी गेली. तिथे दोघींचं काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघी हॉलमध्ये आल्या, आणि वैष्णवीने अट घातली. ती बोलेल, तन्वी तेवढंच लिहील, मग मी मोठ्याने वाचायचं. "मोठ्याने तुम्हाला येतंच," असंही वर म्हणाली.

"लिही," वैष्णवी म्हणाली. "सूर्य पृथ्वीभोवती फिरतो."

तन्वीचं पेन थांबलं. "काकू, हे चूक आहे."

"लिही."

तिने लिहिलं. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून लिहिलं.

"माणसाचं हृदय उजव्या बाजूला असतं. महाराष्ट्राची राजधानी लातूर."

तन्वीच्या कपाळावर घाम आला. शुद्ध, सुंदर, वळणदार अक्षरात ती धडधडीत खोटं लिहीत होती. जन्मात तिच्या हातून असं काही झालं नसेल. पान भरल्यावर मी ते वाचायला घेतलं. लातूरपाशी आल्यावर माझाच आवाज अडखळला, आणि मग त्या दोघी अशा हसत सुटल्या की खाली देवळातला पुजारी जिना चढून वर बघायला आला. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं, मला तेव्हा कळलं नव्हतं.

तेव्हापासून रोज असंच चाललं. वैष्णवी सांगे, तन्वी लिही, मी वाची. एखाद्या वाक्यात तन्वीचा हात शिवशिवला की ती पेन खाली ठेवून बोटं मोडायची, आणि पुन्हा उचलायची. खरं उत्तर माहीत असताना खोटं लिहिणं हे तिच्या वयाला फार अवघड काम होतं, आणि ते ती शिकत होती. मी बाजूला बसून शेंगदाणे सोलत असे. मधूनच मला वाटे, वैष्णवीची काही वाक्यं फारच वाकडी आहेत, जरा सरळ केली तर मार्क वाढतील. हे मला अजून वाटतं. ती वाक्यं मात्र अजून आठवतात, आणि गुलमोहराचा तो निबंध मला आता कागदाशिवाय सांगता येणार नाही.

आता वैष्णवी कॉलेजात आहे. बोलणारा लॅपटॉप आहे तिच्याकडे. टाइप ती स्वतः करते, वाचून यंत्र दाखवतं. माझी गरज उरलेली नाही, आणि तसं ती स्पष्ट सांगतेही. "काकू, ह्याचा आवाज कमी करता येतो," असं म्हणाली मागे फोनवर. तन्वी अकरावीत गेली, निबंध स्पर्धा सोडल्या तिने. तिच्या आईला याचं दुःख आहे, जिन्यात भेटली की मला ऐकवते. मी ऐकून घेते. हॉलमध्ये दुसरी कोणीतरी वाचायला जाते, माझ्यापेक्षा हळू आवाजाची. वर्षभर या कशाची मला आठवण होत नाही. शेंगा वाजायला लागल्या की होते, आणि तीही पुष्कळदा एकाच दुपारची.

विज्ञानाच्या पेपरची ती दुपार. लेखनिक घेणाऱ्यांना जादा वेळ मिळतो, त्यामुळे या दोघी सगळ्यांच्या नंतर बाहेर यायच्या. बाकीची मुलं कधीच गेलेली असत. पालकांनी फाटकाशी टाकलेली पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, चुरगळलेले रुमाल, एखादं सांडलेलं लिंबू सरबत, एवढंच मागे उरे. ऊन असं, की डांबराला चप्पल चिकटावी. शिपाई फाटकाचं एक दार लावून दुसऱ्याला टेकून उभा होता, आमच्यासाठी ताटकळत.

आधी वैष्णवी दिसली. काठी टेकत येणारी, मान ताठ. तिच्या मागून तन्वी, आणि तन्वी रडत होती. हुंदके देऊन नव्हे, पण गाल ओले आणि नाक लाल. मी विचारलं, काय झालं, पेपर राहिला का?

"नाही राहिला," वैष्णवी म्हणाली. "सगळा झाला. हिला काय झालंय विचारा. केव्हाची नाक ओढतीये."

तन्वीने आधी मान हलवली. मग एकदम बोलली. "मला उत्तर येत होतं."

वैष्णवीसोबत रोज लिहून लिहून तिचंही दहावीचं विज्ञान तोंडपाठ झालं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कुठलं?" वैष्णवीने विचारलं.

"ते तारे आणि ग्रह यांतला फरक सांगा. तू सांगितलंस, ग्रह लुकलुकतात आणि तारे लुकलुकत नाहीत. उलट आहे ते. आपण चार वेळा केलं होतं. तू उलट बोललीस आणि मला कळलं, आणि मी..."

मला ते मार्क दिसत होते. दोन मार्क, दोन शब्दांची अदलाबदल. कोणाला कळणार होतं? पर्यवेक्षक खिडकीबाहेर बघत असणार. मी त्या खोलीत असते तर माझ्या हाताने ते आपोआप सरळ केलं असतं, मला कळायच्या आत.

"मग?" वैष्णवी म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता. "तू काय लिहिलंस?"

"तू सांगितलंस तेच."

"नक्की?"

"ग्रह लुकलुकतात असं लिहिलं. माझ्या हाताने." आणि तन्वी पुन्हा रडायला लागली.

वैष्णवीचे दोन मार्क गेले होते आणि तिला ते आत्ताच कळलं होतं. चेहऱ्यावर ते दिसलंही. मग तिने काठी घडी केली. रस्त्यात कोणी धरलेलं तिला खपत नसे, मी एकदा रस्ता ओलांडताना दंड धरला तर हिसडून टाकला होता. तिने हात पुढे करून तन्वीचा दंड चाचपला आणि धरला. "चल," म्हणाली, "रस पिऊ. काकू देतील."

पलीकडे रसवंती होती. चरकाचे घुंगरू वाजत होते, आलं-लिंबू पिळल्याचा वास येत होता. बाकावर त्या दोघी बसल्या, मी उभी राहिले. ग्लास हातात आल्यावर वैष्णवी म्हणाली, "आता सांग."

"काय?"

"बरोबर उत्तर. मघाशी नको होतं, आता हवंय."

तन्वीने डोळे पुसले आणि सांगितलं. तारे फार लांब असतात, बिंदूएवढे दिसतात, त्यांचा प्रकाश हलत्या हवेतून येताना सारखा वाकतो. ग्रह जवळ असतात, म्हणून त्यांचं तसं होत नाही. पुस्तकातलंच सगळं. मी ते पान वैष्णवीला किती वेळा वाचून दाखवलं होतं.

"ते पाठ आहे मला," वैष्णवी म्हणाली. "म्हणून तर उलटसुलट झालं. लुकलुकतं म्हणजे काय करतं?"

बक्षिसांचं कपाट असलेली मुलगी, तिला एक शब्द सापडेना. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेही नव्हता. मग तिने वैष्णवीचा मोकळा हात ओढून घेतला, तळवा वर केला आणि त्यावर एका बोटाच्या टोकाने हलकी टकटक करायला लागली. मध्येच जोरात, मध्येच अगदी पुसट, मध्येच थांबून, पुन्हा.

"हा तारा," ती म्हणाली. मग बोट तळव्यावर टेकवलं आणि तसंच ठेवलं. "हा ग्रह."

वैष्णवीने ग्लास खाली ठेवला. घुंगरू थांबले होते, चरकवाला नवा ऊस घेत होता.

"हे आधी कोणी सांगितलं असतं," ती माझ्या दिशेला तोंड करून म्हणाली, "तर चुकले नसते." मग तळवा तसाच पुढे धरून तन्वीला म्हणाली, "पुन्हा कर."

तन्वीने पुन्हा केलं.